दुसऱ्याची ओसरी, आपला आराखडा

वाचकांचे प्रश्न, आर्किटेक्टची उत्तरे

या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती : आपल्या संस्कृतीबाहेरच्या वास्तू पाहिल्या, अभ्यासल्या, की आजच्या आर्किटेक्टच्या विचारात नेमके काय बदलते, आणि त्यातले किती प्रत्यक्ष इमारतीत उतरावे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांत सांगण्याजोगे अधिक होते. उरलेली जेवढ्यास तेवढी आहेत.

प्रश्न : मी वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्यूरीच्या, म्हणजे कामाच्या परीक्षणाच्या, वेळी ‘यावर जपानी प्रभाव दिसतो’ हे वाक्य कधी कौतुकाने म्हटले जाते, तर कधी ‘ही नक्कल आहे’ अशा सुरात. प्रभाव कोठे संपतो आणि नक्कल कोठे सुरू होते, हे ओळखायचे कसे?

उत्तर : मी स्वतः वापरतो ती कसोटी कामचलाऊ आहे, पण ती सहसा दगा देत नाही. इमारतीचे एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूचे चित्र, बाजूला ठेवावे आणि सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारा छेद, काढून पाहावा. बाहेरून घेतलेली गोष्ट केवळ एलिव्हेशनमध्ये दिसत असेल, म्हणजे कमानीचा आकार, छपराचा उतार किंवा जाळीची नक्षी एवढ्यावरच ती थांबली असेल, तर ती नक्कल. तीच गोष्ट सेक्शनमध्ये उतरली असेल, म्हणजे जमिनीची पातळी, छताची उंची, उजेड आत येण्याची वाट आणि आत व बाहेर यांच्या मधली जागा तिच्यामुळे बदलली असेल, तर तिला प्रभाव म्हणायला हरकत नाही.

फ्रँक लॉइड राइट यांचे उदाहरण घेऊ. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात जपानने ‘होओदेन’ नावाची लाकडी वास्तू उभारली होती. राइट तेव्हा पंचविशी ओलांडलेले तरुण आर्किटेक्ट होते. १९०५ मध्ये ते प्रथम जपानला गेले, तेथील लाकडी ठशांची छापचित्रे त्यांनी जमवली आणि पुढे त्या चित्रांची खरेदी-विक्रीही केली. त्यानंतर १९१० मध्ये पुरे झालेले शिकागोचे रॉबी हाऊस पाहिले, तर त्यात जपानी म्हणावा असा एकही अलंकार सापडत नाही. सापडते ते वेगळेच : भिंतीच्या बरेच पुढे आलेले लांबलचक छज्जे, खिडक्यांची सलग पट्टी, आणि बैठक व जेवणाची जागा यांच्यामध्ये भिंतीऐवजी केवळ शेकोटीचा खांब. खोली म्हणजे भोके पाडलेली पेटी, ही त्या काळच्या अमेरिकी घराची समजूत येथे मोडली आहे. जपानी इमारतींचा आपल्यावर थेट परिणाम झाला, हे राइट मान्य करत नसत. छापचित्रांचे ऋण मात्र ते उघडपणे सांगत, कारण अनावश्यक ते वगळायला त्या चित्रांनी शिकवले असे त्यांचे म्हणणे होते. मला हे म्हणणे पुरतेपणी पटत नाही. पण खोल गेलेला प्रभाव ज्याच्यावर होतो त्यालाही वेगळा काढून दाखवता येत नाही, एवढे त्यातून कळते.

गंमत अशी की त्याच राइट यांनी टोकियोत बांधलेले इम्पीरियल हॉटेल फारसे जपानी दिसत नसे. त्याच्या घडीव दगडांत पाहणाऱ्यांना मेक्सिकोतील माया संस्कृतीच्या वास्तूंची आठवण होई. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात ते टिकले आणि १९६८ मध्ये माणसांनीच ते पाडले.

प्रश्न : एकाच इमारतीत तीन-चार संस्कृतींमधून घेतलेल्या गोष्टी एकत्र आल्या, तर तिची ठिगळांची गोधडी होत नाही का?

उत्तर : होते, आणि बहुतेक वेळा होतेच. म्हणूनच जेथे ती झाली नाही, अशी एक इमारत जरा जवळून पाहू.

योर्न उट्झन या डेन्मार्कच्या आर्किटेक्टने सिडनी ऑपेरा हाऊसची स्पर्धा १९५७ मध्ये जिंकली. त्याआधी १९४९ मध्ये ते मेक्सिकोला जाऊन आले होते. युकातान भागातले जंगल उंच आणि घनदाट आहे. त्यात राहणाऱ्याला चहूबाजूंनी हिरवी भिंत दिसते, आकाश दिसत नाही आणि लांबवरची नजरही मिळत नाही. माया लोकांनी झाडांच्या शेंड्यांइतके उंच दगडी चौथरे बांधले. पायऱ्या चढून माणूस वर आला, की जंगल एकाएकी पायाखाली जाते आणि समोर क्षितिज उघडते. उट्झन यांच्या मनात ठसला तो हा अनुभव. चौथऱ्यावरच्या देवळाचे कोरीवकाम त्यांनी आपल्या कामात आणले नाही. सिडनीत त्यांनी बंदराच्या टोकावर एक प्रचंड चौथरा कल्पिला, गाड्यांची ये-जा, सामानाची आवक, तालमीच्या खोल्या असा सगळा व्याप त्याच्या पोटात घातला आणि प्रेक्षकाला रुंद पायऱ्यांवरून वर, पाण्याच्या आणि आकाशाच्या समोर नेऊन सोडले. सेक्शन काढला तर ही इमारत म्हणजे मुळात चौथरा आणि त्यावर तरंगणारी छपरे, एवढीच आहे.

आता ती छपरे. स्पर्धेच्या चित्रांत ती मुक्त हाताने काढलेली होती, आणि प्रत्येक कवचाची वक्रता वेगळी असल्याने ती बांधायची कशी हा प्रश्न काही वर्षे सुटत नव्हता. अखेर १९६१ मध्ये उत्तर मिळाले : सर्व कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून काढायची. या गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर आहे. गोल एकच असल्याने वक्रताही एकच, आणि वक्रता एकच असल्याने काँक्रीटच्या फासळ्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांत पुन्हा पुन्हा ओतता येतात. या विचारामागे चीन आहे, असे मला वाटते. सन ११०३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘यिंगझाओ फाशी’ हा चिनी बांधकामग्रंथ उट्झन यांच्या संग्रही होता. लाकडी इमारतीचे सगळे भाग ठरावीक प्रमाणांच्या पटीत कसे घडवावेत आणि मोजक्या प्रकारच्या तुकड्यांतून नाना तऱ्हेच्या इमारती कशा उभ्या कराव्यात, हा त्याचा विषय. ऑपेरा हाऊसवर चिनी छपराची वळलेली पाख कोठेही नाही. मोजक्या तुकड्यांतून मोठे रूप साधण्याची शिस्त मात्र पूर्णपणे आहे.

कवचांवर दहा लाखांहून अधिक फरश्या आहेत आणि त्या स्वीडनमध्ये तयार झाल्या. लांबून छप्पर एकसारखे पांढरे भासते. जवळ गेल्यावर कळते की फरश्या दोन प्रकारच्या आहेत, काही चकचकीत पांढऱ्या आणि काही मंद, साईच्या रंगाच्या. मंद फरश्या प्रत्येक पट्टीच्या कडेने लावल्या असल्याने छपराची जडणघडण रेषांसारखी उमटते, आणि चकचकीत भागावर ढग, ऊन, संध्याकाळ असे सगळे बदलत राहते. इराणमधील इस्फहानच्या मशिदींच्या चकाकत्या फरशीकामात जे घडते, तेच येथे निळा रंग आणि वेलबुट्टी न घेता घडवले आहे.

येथे गोधडी का झाली नाही, याचे उत्तर मला असे दिसते. तिन्ही ठिकाणांहून घेतलेल्या गोष्टींना इमारतीत वेगवेगळी कामे मिळाली आहेत. मेक्सिकोतून आलेली गोष्ट माणसाला वर नेते, चीनमधून आलेली बांधकाम शक्य करते आणि इराणमधून आलेली उजेड हाताळते. एकाच भिंतीवर तिघांना नटवून उभे केले असते, तर ती एकमेकांच्या अंगावर आली असती. उट्झन यांनी वादातून १९६६ मध्ये काम सोडले. १९७३ मध्ये इमारत खुली झाली, आणि पुरी झालेली इमारत त्यांनी प्रत्यक्ष कधीही पाहिली नाही.

प्रश्न : घर बांधायचे आहे. मोरोक्कोच्या घरांमधला मधला चौक आणि अरबी पद्धतीची लाकडी जाळी मला फार आवडते. आमचे आर्किटेक्ट दोन्ही गोष्टी टाळायला सांगतात. ते हट्टी आहेत की मी?

उत्तर : जागेची माहिती पत्रात नसल्याने निवाडा देता येत नाही. पण त्यांना विचारण्याचा प्रश्न सुचवतो : ‘या दोन गोष्टी मूळ जागी कोणते काम करतात, आणि ते काम आपल्या जागी करून घेण्याची गरज आहे का?’

उंच भिंतींचा अरुंद चौक हे कोरड्या हवेचे यंत्र आहे. अशा प्रदेशात दिवस तापतो आणि रात्र चांगलीच गार होते. रात्रीची गार, जड हवा चौकात उतरून साठते, भोवतालच्या खोल्यांत शिरते, आणि भिंती उंच व चौक अरुंद असल्याने दुपारपर्यंत तळाला थेट ऊन पोचत नाही. दमट प्रदेशात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात एवढे अंतर पडत नाही. तेथे हवा साठवून उपयोग नसतो, ती एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने वाहून जावी लागते. तोच बंदिस्त चौक तेथे कोंदट होतो. चौक ठेवायचाच असेल, तर त्याची एखादी बाजू वाऱ्याला उघडी सोडावी लागते, म्हणजेच छायाचित्रातला चौक राहत नाही.

जाळीचेही तसेच आहे. अशा जाळीच्या मश्रबिया या नावाचा संबंध अरबीतल्या ‘पिणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात, कारण त्या जाळीदार गवाक्षात पिण्याच्या पाण्याची मातीची भांडी गार होण्यासाठी ठेवत. चांगल्या मश्रबियात डोळ्यांच्या पातळीवरची जाळी बारीक असते, म्हणजे बाहेरची तिरीप डोळ्यांवर येत नाही आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. वरच्या भागातली जाळी मोठ्या छिद्रांची असते, म्हणजे हवेची ये-जा चालू राहते. जाळी सगळीकडे सारखी काढली, की तिचे अर्धे काम संपले. झाँ नुव्हेल यांनी पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या १९८७ मध्ये पुऱ्या झालेल्या इमारतीत हा विचार यंत्रात उतरवला. दक्षिणेकडच्या दर्शनी भागावर २४० चौकटी आणि त्यांत कॅमेऱ्याच्या पडद्यासारख्या, उजेडानुसार उघडझाप करणाऱ्या धातूच्या झडपा. कल्पना देखणी होती, पण पुढे यांतल्या बऱ्याच झडपा अडकून पडल्या आणि त्यांची डागडुजी करावी लागली. लाकडी जाळीला मोटार नसते, ही तिची मोठीच सोय.

माझाही एक कबुलीजबाब येथेच देतो. सुरुवातीच्या काळात एका कार्यालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीला मी मोठ्या हौसेने दगडी जाळी लावली. त्या बाजूला वर्षातले बहुतेक दिवस ऊन येतच नव्हते. आतल्या लोकांना दिवसाही दिवे लावावे लागू लागले, छिद्रांत धूळ आणि कबुतरे मुक्कामाला आली, आणि दोन वर्षांनी मालकांनी मला न विचारता तिच्यामागे काच बसवली. छायाचित्र मात्र फार सुरेख आले होते.

प्रश्न : मी एका संस्थेबरोबर ग्रामीण गृहरचनेचे काम करते. पारंपरिक साहित्य आणि स्थानिक आकार वापरूनही ज्यांच्यासाठी घरे बांधली तेच लोक ती नाकारतात, असा अनुभव आला. परंपरेचा आदर करूनही असे का व्हावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नावर इजिप्तमध्ये सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी फार मोठी किंमत मोजली गेली आहे.

हसन फतही हे शहरात वाढलेले, आधुनिक शिक्षण घेतलेले इजिप्शियन आर्किटेक्ट. महायुद्धाच्या काळात पोलाद, सिमेंट आणि लाकूड दुर्मीळ झाले, तेव्हा कच्च्या विटांनी घरे बांधण्याकडे ते वळले. भिंती सोप्या होत्या, अडचण छपराची होती. कमानदार छप्पर बांधायचे तर वीट सुकेपर्यंत खालून लाकडी कैचीचा आधार लागतो, आणि लाकूडच तर नव्हते. १९४१ मध्ये ते आस्वानला गेले आणि तेथील न्युबियन गवंडी कोणत्याही आधाराशिवाय असे छप्पर उभारताना त्यांनी पाहिले. ही पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. छपराची वीट नेहमीच्या विटेपेक्षा पातळ, सुमारे २५ × १५ × ५ सेंटीमीटरची, आणि तिच्या मातीत गवताचे प्रमाण अधिक, म्हणजे ती हलकी होते. वीट ओली असतानाच तिच्या अंगावर बोटांनी तिरप्या चरा ओढतात, त्यामुळे चिखलाचा थर तिला घट्ट ओढून धरतो. गवंडी आधी मागच्या भिंतीवर ओल्या मातीने, नुसत्या नजरेने, कमानीची वक्र रेषा काढतो. विटांचा पहिला थर त्या भिंतीला टेकवून तिरपा लावतो आणि पुढचा प्रत्येक थर आधीच्या थरावर रेलून उभा राहतो. एकही वीट अधांतरी नसल्याने खालून आधार लागत नाही.

फतहींनी ही विद्या १९४५ ते १९४८ या काळात लक्झरजवळ न्यू गुर्ना या गावासाठी वापरली. जुने गुर्ना प्राचीन थडग्यांच्या डोंगरावर वसलेले होते, आणि थडग्यांतल्या वस्तूंची चोरी थांबावी म्हणून पुरातत्त्व खात्याला ते हलवायचे होते. फतहींनी मशीद, शाळा, नाट्यगृह, बाजार आणि घरे असे सगळे गाव मातीत आखले. पण गावकरी आले नाहीत, आणि गाव अर्धेच राहिले.

कारणे सांगितली जातात ती दोन. एक तर गुर्नाच्या लोकांचे पोट त्या डोंगरावर होते, त्यामुळे उतरून खाली येणे म्हणजे उत्पन्न सोडणे होते. दुसरे कारण आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. त्या भागात घुमट असे ते थडग्यांवर किंवा संतांच्या दर्ग्यांवर, राहत्या घरावर नसे. फतहींना जो आकार ‘आपला’ वाटला, तो त्यांच्या देशातला असला तरी त्या गावचा नव्हता. तो नदीच्या वरच्या अंगाला, आस्वानकडे राहणाऱ्या न्युबियन लोकांचा होता. देश एक असला, नदी एक असली, म्हणजे संस्कृती एक असते असे नाही, आणि आपण ज्याला ढोबळपणे ‘स्थानिक’ म्हणतो ते शेजारच्या गावातही परके ठरू शकते. फतहींचे मोठेपण मी कमी लेखत नाही, कारण मातीच्या बांधकामाला जगभर जी प्रतिष्ठा मिळाली तिचे बरेचसे श्रेय त्यांचे आहे. पण या प्रकरणात त्यांनी परंपरेला विचारले आणि माणसांना विचारायचे राहिले.

याच्या उलट चाललेले काम म्हणजे फ्रान्सिस केरे यांची बुर्किना फासोतील गांदो गावची प्राथमिक शाळा. केरे त्याच गावचे, शिक्षण बर्लिनला. गावकऱ्यांचा मातीवर विश्वास नव्हता, आणि तो नसण्याला कारण होते, कारण पावसात मातीच्या भिंती वाहून जाताना त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांना सिमेंटची इमारत हवी होती. केरे यांनी ‘परंपरा जपा’ असा उपदेश न करता मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा केल्या, मातीची कमान बांधून तिच्यावर उभे राहून दाखवले, आणि भिंती पावसापासून वाचाव्यात म्हणून लांबवर पुढे येणारे पत्र्याचे छप्पर घातले. उघडा पत्रा वर्गाची भट्टी करतो, म्हणून तो खालच्या विटांच्या छतापासून लोखंडी सळ्यांच्या कैच्यांवर उंच उचलला. दोहोंमधून वारा वाहतो, आणि छताच्या फटींतून वर येणारी गरम हवा तेथून निघून जाते. दगड वाहून आणण्यापासून जमीन चोपण्यापर्यंतचे काम गावाने केले. २००१ मध्ये शाळा पुरी झाली, २००४ मध्ये तिला वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये वास्तुरचनेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे केरे हे पहिले आफ्रिकी आर्किटेक्ट ठरले. या शाळेत जर्मन अभियांत्रिकी कोठे संपते आणि गांदोची माती कोठे सुरू होते, हे वेगळे काढता येत नाही.

तुम्ही घरे नाकारणाऱ्यांना काय विचारले, ते पत्रात नाही. त्यांनी पाहिलेल्या कोणत्या घराची त्यांना हाव आहे आणि कोणत्या घराची लाज वाटते, हे दोन प्रश्न विचारून पाहा. उत्तरे कदाचित आपल्याला रुचणार नाहीत, पण आराखडा तेथूनच सुरू करावा लागेल.

प्रश्न : संस्कृतींची ही देवाणघेवाण खरोखर दुतर्फा असते का? की पाश्चात्त्य आर्किटेक्ट पाहतो, आणि इतर सगळे फक्त पाहिले जातात?

उत्तर : तुमचा संशय रास्त आहे. ब्रुनो टाउट हे जर्मन आर्किटेक्ट १९३३ मध्ये जपानला गेले आणि क्योटोजवळचा सतराव्या शतकातला कात्सुरा प्रासाद पाहून भारावले. त्याच काळातले निक्कोचे सोनेरी, रंगीत, कोरीवकामाने लगडलेले देवस्थान मात्र त्यांना मुळीच रुचले नाही. १९५४ मध्ये युरोपातल्या आधुनिक वास्तुरचनेचे एक अग्रणी वॉल्टर ग्रोपियस कात्सुराला गेले आणि आपण युरोपात ज्यासाठी झगडलो ते येथे आधीपासूनच आहे, अशा अर्थाचे त्यांनी दुसरे अग्रणी ल कॉर्ब्युझिए यांना कळवले. पुढे १९६० मध्ये कात्सुरावर छायाचित्रांचे एक पुस्तक निघाले, ज्यात ग्रोपियस आणि केन्झो टांगे यांचे लेख होते. त्यातल्या बऱ्याच छायाचित्रांत छप्परच कापलेले आहे. वळणदार, जाड, झावळीसारखे दिसणारे छप्पर वगळले, की उरतात खांब, पांढरे पडदे आणि काटकोन, म्हणजे हुबेहूब आधुनिक युरोपीय चित्र. पाहणारा परक्या संस्कृतीत पुष्कळदा आपलाच चेहरा शोधतो आणि न जुळणारा भाग चौकटीबाहेर टाकतो. ही कापाकापी करणाऱ्यांत जपानी टांगेही होते, म्हणजे दोष एकाच दिशेचा नाही.

तरीही वाट एकेरी नाही. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेचे काम १९६५ मध्ये पुरे होत आले, तेव्हा दोन इमारतींच्या मधल्या जागेत झाडांची बाग करावी असे तिचे आर्किटेक्ट लुई कान यांच्या मनात होते. त्यांनी मेक्सिकोचे आर्किटेक्ट लुईस बारागान यांना सल्ल्यासाठी बोलावले. येथे एकही झाड नको, दगडी फरसबंदी करा, म्हणजे तुम्हाला आकाशाचा दर्शनी भाग मिळेल, असे बारागान यांनी सुचवले. कान यांनी ते ऐकले. आज तेथे मोकळे दगडी अंगण आहे आणि मधून पाण्याचा एकच बारीक पाट समुद्राच्या दिशेने धावतो. बारागान तरुणपणी स्पेनच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात जाऊन आले होते, आणि तेथील मूर बांधकामातले पाण्याचे अरुंद पाट व भिंतींनी वेढलेली शांतता त्यांच्या कामात आयुष्यभर दिसते. अंदलुसियातून, म्हणजे दक्षिण स्पेनमधून, मेक्सिको आणि मेक्सिकोतून कॅलिफोर्निया अशी त्या पाटाची नाळ मला जोडाविशी वाटते.

दुसरे उदाहरण बाळकृष्ण दोशी यांचे. १९५१ पासून ते पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे होते, आणि पुढे त्यांच्याच अहमदाबादच्या कामांवर देखरेख करण्यासाठी परतले. तेथील साराभाई यांच्या घरावर ल कॉर्ब्युझिए यांनी स्पेनमधील कातालोनियाच्या पद्धतीची कमानी छपरे घातली. दोशींनी १९८० च्या सुमारास बांधलेल्या आपल्या ‘संगाथ’ या कार्यालयात तीच कमान घेतली, पण इमारत अर्धी जमिनीत उतरवली, छपरावर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचे अस्तर दिले म्हणजे ऊन परतून जाईल, आणि छपरावरचे पाणी पाटांतून अंगणात खेळवले. येथे पाहणारा भारतीय आहे आणि पाहिली गेली ती युरोपची कमान. गुरूच्या काँक्रीटला दोशींनी सावली आणि पाऊस शिकवला, असे म्हणायचा मोह होतो.

प्रश्न : धार्मिक किंवा सांस्कृतिक ओळखीची चिन्हे आर्किटेक्टने वापरावीत की टाळावीत?

उत्तर : एक वापरल्याचे आणि एक टाळल्याचे उदाहरण देतो. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रेन्झो पियानो यांनी १९९८ मध्ये तेथील मूळ रहिवासी कनाक लोकांसाठी झाँ-मारी जिबाऊ सांस्कृतिक केंद्र पुरे केले. मानववंशशास्त्रज्ञ आल्बाँ बाँसा या कामात त्यांचे सल्लागार होते. कनाक झोपडीच्या आकाराची आठवण देणारी दहा लाकडी कवचे तेथे आहेत. सर्वांत उंच कवच २८ मीटरचे आहे, आणि कवचांच्या दुहेरी भिंतींतल्या झडपा वाऱ्याप्रमाणे उघडतात, मिटतात. पण कवचांच्या फासळ्या वर मिटत नाहीत, झोपडी अपुरी सोडल्यासारख्या उघड्या राहतात. पुरी झोपडी बांधली असती तर ते जिवंत समाजाचे संग्रहालय झाले असते, म्हणून मला तो अपुरेपणा योग्य वाटतो.

याउलट ढाक्यातील बैत उर रौफ मशिदीत मरिना तबस्सुम यांनी घुमट ठेवला नाही, मिनारही ठेवला नाही. चौरसात वर्तुळ आणि त्यात किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या, दिशेने थोडा वळवलेला प्रार्थनेचा चौरस, असा तिचा प्लॅन आहे. बाकी सगळे काम विटा, विटांमधून येणारा वारा आणि छतातून झिरपणारा उजेड यांचे. बंगालच्या सुलतानी काळातल्या विटांच्या मशिदींशी तिचे नाते आहे, आणि ते शोधायला चिन्ह लागत नाही. २०१६ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला.

प्रश्न : परदेश प्रवास परवडत नाही. पुस्तके आणि पडद्यावरची छायाचित्रे यांवरून दुसऱ्या संस्कृतीची वास्तू कितपत शिकता येते?

उत्तर : छायाचित्रावरून थोडी, ड्रॉइंगवरून पुष्कळ. ज्या इमारतीचा मापासह प्लॅन आणि सेक्शन मिळेल तीच निवडा आणि तिचा सेक्शन स्वतःच्या हाताने पुन्हा काढा. १९११ च्या पूर्वेकडच्या प्रवासात ल कॉर्ब्युझिए यांनी वह्याच्या वह्या रेखाटनांनी भरल्या, वास्तू हाताने काढल्याशिवाय दुसऱ्या कशाने बुद्धीत उतरत नाही म्हणूनच. सेक्शनमध्ये त्या जागेच्या अक्षांशाप्रमाणे उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली दुपारच्या उन्हाची रेषा आखा. छज्जा एवढाच का पुढे आला आहे, हे तेथे आपोआप कळते.

मग त्यात माणूस काढा, आणि तो ज्या अवस्थेत ती जागा वापरतो त्याच अवस्थेत काढा. जपानी घराची तातामी चटई साधारण ९० × १८० सेंटीमीटरची असते आणि ते घर जमिनीवर बसलेल्या माणसासाठी रचलेले असते. उभ्या माणसाची नजर सुमारे १५० सेंटीमीटरवर असते, बसलेल्याची ७५ ते ८० वर. बहुतेक छायाचित्रे उभ्याने घेतलेली असतात. बसलेल्याच्या डोळ्यापासून छज्जाच्या खालच्या कडेपर्यंत एक रेषा ओढा आणि ती पुढे वाढवा. बागेचा किती भाग त्या रेषेखाली येतो आणि किती आकाश वर कापले जाते, ते वहीत लिहून ठेवा.

हे चार-पाच वास्तूंचे करून झाले, की ती वही माझ्याकडे पाठवा. रंगीत चित्रे नकोत.